रेडा वेद बोलला काय?

आमच्या गोंडपिपरीकडे कीर्तन आटोपलं की पोरं विचारतात, "महाराज, पैठणात रेडा खरंच वेद बोलला काय?"

आम्ही सांगतो, बाबांनो, शके १२१२ ला नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. तो शक ग्रंथाच्या शेवटीच लिहिला आहे. शके १२१८ ला माउलींनी आळंदीत समाधी घेतली. हा झाला इतिहास.

संन्याशाची पोरं म्हणून चारही भावंडं वाळीत पडली. वेदाचा अधिकार मूठभरांचा होता. रेड्याची कथा त्यालाच उत्तर देते. ज्याला कोणी मोजत नाही, त्याच्याही ठायी तोच देव आहे. ती खोटी म्हणून टाकू नये, अन् तिच्या तारखेसाठी भांडूही नये. माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, नांगरामागच्या माणसाला तो कळला. आम्हाला एवढं प्रमाण पुरे.

रामकृष्णहरी!