आरोग्य देखरेख, दूरस्थ (वर्धा जिल्हा)
रुग्ण गावातच असताना त्याच्या रक्तदाब, साखर, नाडी इत्यादींच्या नोंदी दूरच्या डॉक्टरपर्यंत पोचवून उपचार ठरविण्याची पद्धती. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण तज्ज्ञ डॉक्टरसाठी वर्धा, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावे लागते. शेतमजुराला तेवढ्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणेच नसल्याने बरे वाटले की गोळी सुटते आणि दुखणे पुढे पक्षाघातापर्यंत जाते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग यांबरोबर वर्धा जिल्हाही घेतला गेला. त्याच्या ‘सिंपल’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये परिचारिका प्रत्येक भेटीची नोंद करते. दाब १४०/९० च्या खाली आला का, हे दिसते. सर्वांत उपयोगी भाग म्हणजे तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी. तिच्यावरून फोन करता येतो, आशा कार्यकर्ती घरी जाऊ शकते.

केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’वर (२०१९) उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून व्हिडिओद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळवून देतो. एप्रिल २०२० पासून घरबसल्या सल्ल्याचीही सोय झाली. तत्पूर्वी मार्चमध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली होती.

नेटवर्क व वीज या अडचणी उघडच आहेत. गोळ्यांचा साठा संपला, तर मात्र अचूक नोंदीही निरुपयोगी ठरतात. प्रसूतीतील रक्तस्राव, सर्पदंश यांना तर रुग्णवाहिकाच लागते.