चारशे नव्वद प्राणी आणि दोन डास

बेगमपेठला जुन्या विमानतळाच्या अंगाला सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची संस्था आहे, ती आपल्यापैकी बहुतेकांनी निदान बाहेरून तरी पाहिलेली असते. दरवर्षी २० ऑगस्टला तिथे 'डास दिन' साजरा होतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. रॉसच्या शोधाची गोष्ट आपल्या मंडळात पूर्वी सांगून झालेली असल्याने ती मी पुन्हा सांगत बसणार नाही. हा लेख त्या शोधाच्या छापून येण्याबद्दल आहे. सोबत हैदराबादचीच आणखी एक गोष्ट जोडली आहे. ती रॉसच्या आठ वर्षे आधीची, त्या काळी कितीतरी जास्त गाजलेली आणि आज जवळजवळ विसरलेली. दोन्ही गोष्टींचा शेवट लंडनच्या एकेका वैद्यकीय साप्ताहिकात झाला. एकीचा 'द लॅन्सेट'मध्ये, दुसरीचा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये.

आज एखाद्या रोगावरचा शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाकडे गेला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन तिऱ्हाईत जाणकारांकडे पाठवतो. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात, मग छापायचे की नाही ते ठरते. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. ही पद्धत फार जुनी असेल असा माझाही समज होता. कल्पना जुनी आहे हे खरे. एडिंबरोच्या वैद्यकीय मंडळींनी १७३१ मध्येच आलेले लेख त्या विषयातल्या माहीतगाराला दाखवायची पद्धत जाहीर केली होती. पण रोजच्या कामाचा नियम म्हणून ती रुजली फार उशिरा. 'लॅन्सेट' १८२३ पासून निघते, आणि बाहेरच्या परीक्षकांची नियमित पद्धत तिथे आली १९७६ मध्ये. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मात्र या बाबतीत बरेच पुढे होते. त्याचे संपादक अर्नेस्ट हार्ट यांनी १८९३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संपादकांपुढे आपली रीत सांगितली होती. आलेला लेखच काय, पत्र आणि परिच्छेदसुद्धा त्या विषयाच्या जाणकाराकडे जातो, यात पत्रव्यवहाराचे ओझे फार पडते, पण त्याला इलाज नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

आता हैदराबादकडे येऊ.

भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात झाली ती नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोत जेम्स सिम्पसन यांच्या हातून. तीन महिने पुरे व्हायच्या आत, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. नख काढताना मृत्यू! तिथून वाद पेटला. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? हा नुसता पंडिती वाद नव्हता, कारण भूल देणाऱ्याने टेबलापाशी उभे राहून नेमके कशावर लक्ष ठेवायचे ते यावर ठरणार होते. एडिंबरोचे जेम्स साइम शिकवत की श्वासावर नजर ठेवा, नाडी बघत बसू नका. हृदयालाही थेट धोका आहे, असे ग्लासगोच्या समितीने १८८० मध्ये म्हटले.

साइम यांचे एक कट्टर शिष्य म्हणजे एडवर्ड लॉरी. हे हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होते आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुखही. गुरूचे म्हणणे खरे ठरवायचेच या इराद्याने त्यांनी १८८८ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून एक कमिशन नेमवून घेतले. भटक्या कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. 'लॅन्सेट'ने शंका काढली. यावर लॉरींनी जे केले ते मला आजही थक्क करते. निजाम सरकारने 'लॅन्सेट'ला एक हजार पौंड देऊ केले. तुम्हीच तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर प्रयोग पुन्हा करू. (निजामाच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडचा शेतसाराही जात होता, एवढे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही.)

'लॅन्सेट'ने पाठवला तोही साधासुधा माणूस नव्हे. थॉमस लॉडर ब्रंटन हे औषधशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव, आणि क्लोरोफॉर्मने हृदय थांबू शकते असे मानणारे. म्हणजे विरुद्ध पक्षाचाच साक्षीदार. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते हैदराबादला आले. लॉरी अध्यक्ष, ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड आणि आपल्याकडचे डॉ. रुस्तमजी हकीम असे दुसरे कमिशन बसले. कामाचा झपाटा विलक्षण होता. डिसेंबरमध्ये ब्रंटन यांची तार लंडनला गेली आणि 'लॅन्सेट'ने ती छापली. कुत्री, घोडे, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे मिळून ४९० प्राणी वापरले होते, त्यांपैकी १२० प्रयोग रक्तदाबमापक लावून केले होते. आणि ब्रंटन यांचे मत पार फिरले होते. हृदयाला थेट धोका नाही, धोका आहे तो श्वास कोंडण्याचा आणि जास्त मात्रेचा. जानेवारी १८९० पासून सविस्तर अहवाल 'लॅन्सेट'मध्ये येऊ लागला.

हैदराबादचे नाव युरोपभर झाले. पण निष्कर्ष चूक होता.

चूक कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे. प्राणी निरोगी होते आणि त्यांना क्लोरोफॉर्म दिले ते बहुतेक भरपूर, श्वास थांबेपर्यंत. या रीतीने श्वासच आधी थांबणार. पण ग्रीनरसारखे रुग्ण मरत होते ते हलक्या भुलेत, घाबरलेले असताना, सुरुवातीलाच. गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवर दाखवले की भूल हलकी असताना अॅड्रेनालिन वाढले तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरत राहते आणि क्षणात मृत्यू येतो. यंत्रावर काम केलेल्याला हे लगेच पटेल. काही रोटर पूर्ण वेगावर तासन्‌तास शांत फिरतात. त्यांचा धोका असतो तो वेग चढताना मधल्या एका टप्प्यावर. तुम्ही ४९० वेळा पूर्ण वेगाची चाचणी घ्याल आणि मशीन निर्धोक असल्याचा दाखला द्याल, तर आकडा मोठा दिसेल, पण तो टप्पा तुम्ही तपासलेलाच नसेल.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'लॅन्सेट' इथे नुसते छापणारे राहिले नव्हते. शंका त्यांची, माणूस त्यांचा, तार त्यांच्याकडे, अहवालही त्यांच्याच पानांवर. मग या अहवालाकडे तिऱ्हाईत नजरेने बघणार कोण? मी बॉयलरच्या कामात बरीच वर्षे काढली. तिथे माल बनवणारा आणि माल घेणारा दोघे मिळून तपासणी करतात, तरीही तिसऱ्या संस्थेचा इन्स्पेक्टर येतोच. दोघांपैकी कोणी लबाड असतो म्हणून नव्हे. दोघांनाही काम संपवायची घाई असते म्हणून. ब्रंटन प्रामाणिक होते याबद्दल मला शंका नाही. पण ते हैदराबादला पोचले तेव्हा परीक्षक होते आणि अहवालावर सही करताना सहलेखक झाले होते.

'लॅन्सेट'च्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे त्यांनी रक्तदाबाचे आलेख छापले, नुसता निष्कर्ष नाही. त्यामुळेच केंब्रिजचे गॅस्केल आणि शोअर यांना हैदराबादच्या प्रयोगांवर बोट ठेवता आले, आणि क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होतो हे त्यांनी स्वतःच्या प्रयोगांनी दाखवले. त्यांची ही टीका छापून आली १८९३ मध्ये, आणि ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये, ज्या वर्षी हार्ट यांनी आपली परीक्षणाची रीत सांगितली त्याच वर्षी. दुसरी गोष्ट, 'लॅन्सेट'नेही त्याच वर्षी इस्पितळांतल्या प्रत्यक्ष मृत्यूंच्या नोंदींवरचा आपला वेगळा अहवाल काढला आणि तो हैदराबादच्या निष्कर्षाला अनुकूल नव्हता. मधल्या काळात मात्र नाडी न बघता क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर या अहवालाचा आधार घेत राहिले. लॉरींचे मत शेवटपर्यंत बदलले नाही.

आता डासांकडे. १८९७ चा ऑगस्ट, सिकंदराबाद. रॉस यांनी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला दहा डास चाववून घेतले, डासामागे एक आणा देऊन. त्यांतले बरेच आधीच मेले किंवा चिरून झाले. २० तारखेला शेवटून दुसऱ्या डासाच्या जठराच्या भित्तीवर सुमारे १२ मायक्रॉनच्या गोल पेशी दिसल्या, आत मलेरियाच्या जंतूत असतात तसे काळे कण. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास. त्यात तशाच पेशी होत्या, पण मोठ्या, म्हणजे त्या वाढत होत्या. संपले! पुरावा काय, तर दोन डास. तिकडे ४९० प्राणी आणि एक हजार पौंड, इकडे दहा आण्यांचा खर्च.

या निबंधाला त्यांनी दिलेले शीर्षक पाहा. मराठीत त्याचा अर्थ होतो, मलेरियाचे रक्त प्यालेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विलक्षण रंगद्रव्ययुक्त पेशींविषयी. 'मलेरिया डासामुळे होतो' असे कुठेही नाही. किती डास ते शीर्षकातच कबूल. आत ते सांगतात की इतर जातीच्या शेकडो डासांत अशा पेशी कधी दिसल्या नाहीत. या डासाचे शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी पंखांवरचे ठिपके आणि होडीसारखी अंडी यांचे वर्णन दिले, म्हणजे दुसऱ्या कोणाला तोच डास शोधता यावा. हा अॅनॉफिलिस होता, हे मागाहून स्पष्ट झाले.

निबंधासोबत काचपट्ट्यांवरचे नमुने बोटीने लंडनला गेले, पॅट्रिक मॅन्सन यांच्याकडे. आता मॅन्सन काही तिऱ्हाईत नव्हते. डासाचा आणि मलेरियाचा संबंध असावा हा तर्क त्यांनीच डिसेंबर १८९४ मध्ये याच साप्ताहिकात मांडला होता आणि रॉस यांना कामाला लावले होते ते त्यांनीच. नुसत्या मॅन्सन यांच्या शिफारशीवर निबंध छापला असता तर तो 'लॅन्सेट'चाच प्रकार झाला असता. पण १८ डिसेंबर १८९७ च्या अंकात काय दिसते? रॉस यांच्या मजकुराला जोडून आयएमएसमधल्याच सर्जन-मेजर स्मायथ यांची टीप आहे, की या पेशी मीही पाहिल्या. मग मॅन्सन यांचा अभिप्राय. शिवाय डॉ. जॉर्ज थिन आणि जॉन ब्लँड-सटन यांनाही नमुने दाखवले होते आणि त्यांचे म्हणणेही तिथेच, त्यांच्या नावानिशी, छापले आहे. म्हणजे परीक्षकांचा शेरा वाचकाच्या समोर उघडा. आजकाल काही नियतकालिके परीक्षणे लेखासोबत प्रसिद्ध करतात आणि त्याला मोठी सुधारणा म्हणतात, ते वाचून मला हा अंक आठवतो.

हा निबंध हार्ट यांच्या नेहमीच्या रीतीने आणखी कोणाकडे गेला होता का, यापेक्षा जे छापले आहे तेच पुरेसे बोलके आहे. स्वतः हार्ट तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी १८९८ रोजी वारले.

या तारखांना पुढे फार किंमत आली. रॉस यांची सिकंदराबादहून बदली झाली, मानवी मलेरियाचे काम थांबले, आणि १८९८ मध्ये कलकत्त्याला त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर साखळी पुरी केली, थेट डासाच्या लाळग्रंथीपर्यंत. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांचे सहकारी मानवी मलेरियाचे चक्र अॅनॉफिलिसमध्ये दाखवत होते. आधी कोण, यावरून दोघांत जे भांडण झाले ते कडवट होते आणि रॉस यांनीही त्यात काही कमी केले नाही. पण १८ डिसेंबरच्या अंकातल्या पेशी, ठिपक्यांचे पंख आणि होडीसारखी अंडी ग्रासी यांच्या आधी छापलेली होती, आणि रॉस सोडून आणखी चौघांनी त्या पेशी पाहिल्याचे तिथेच नोंदलेले होते. १९०२ चे वैद्यकाचे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. ते वाटून द्यायला हवे होते असे मला वाटते, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय आहे.

भारतात अशा कामासाठी स्वतःचे नियतकालिक निघाले ते १९१३ मध्ये, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'. ते आजही चालू आहे. बेगमपेठला जाल तेव्हा त्या जुन्या इमारतीपाशी थोडा वेळ काढा. आणि जमले तर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या त्या अंकातली रॉस यांची चित्रे बघा. गोल पेशी, आत काळे ठिपके, बाकी काही नाही.