चार माणसांची उंची आणि गॉसेट यांचा पडताळा

एखाद्या समूहाची सरासरी उंची अमुक आहे, हा दावा मोजक्या माणसांवरून तपासता येतो काय? विसाव्या शतकाच्या आरंभी संख्याशास्त्रज्ञांचा भर मोठ्या नमुन्यांवर होता. डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांच्या हाती मात्र थोडकीच निरीक्षणे असत. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने 'बायोमेट्रिका'त निबंध प्रसिद्ध केला.

पडताळ्यासाठी त्यांनी मॅकडोनेल यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेली ३००० गुन्हेगारांची उंची व डाव्या मधल्या बोटाची लांबी घेतली. ही मापे पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहून, तुकडे चांगले पिसून, चार-चारांचे ७५० नमुने केले. संगणक नसतानाचे हे काम केवढ्या चिकाटीचे!

अडचण अशी की, चार माणसांच्या उंचीतील फरक कधी योगायोगानेच कमी दिसतो. मग साधी तफावतही मोठी वाटते. समजा, दावा सरासरी १६६ सेंटिमीटरचा आहे. चौघांची सरासरी १७२ आणि प्रमाण विचलन ५ आले. चारचे वर्गमूळ २. म्हणून प्रमाण त्रुटी २.५ आणि गुणोत्तर २.४. जुन्या कोष्टकाची पाच टक्क्यांची मर्यादा १.९६, त्यानुसार दावा फेटाळला जाई. चौघांसाठी खरी मर्यादा ३.१८ आहे. म्हणजे दावा फेटाळता येत नाही. अर्थात तो सिद्धही होत नाही, आणि विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.

आज वर्गात शिकवले जाणारे या कसोटीचे रूप रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे रूढ झाले.