हेड गॅस्केट
हेड गॅस्केट हा अंतर्ज्वलन इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक व सिलिंडर हेड यांमधील सांधा बंद करणारा पातळ थर होय. गॅरेजमध्ये त्यास ‘हेड पॅकिंग’ असेही म्हणतात. ज्वलनकक्षातील वायू, कूलंट आणि वंगणतेल यांना तो परस्परांत मिसळू देत नाही. हवेने थंड होणाऱ्या दुचाकी इंजिनांत मात्र कूलंट नसते. अशा दुचाकींचे उत्पादन छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगरलगत, वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाज ऑटोच्या १९८५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यातही झाले आहे.

बिघाड
इंजिन अतितप्त झाल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते व सांधा गळू लागतो. शक्ती वाढवण्यासाठी टर्बोचार्जर बसवल्यास सिलिंडरमधील दाब वाढून मूळ गॅस्केट फुटू शकते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, घटणारे कूलंट व दुधाळ झालेले तेल ही प्रमुख लक्षणे होत. तेलात कूलंट मिसळल्यावरही वाहन चालवल्यास बेअरिंगची हानी होते.

दुरुस्ती
फुटलेले गॅस्केट सांधत नाहीत, बदलतात. थंड इंजिनाचे हेड उतरवून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले जातात. सरळ पट्टी व फिलर गेजने सपाटपणा तपासतात. वाकलेले हेड यंत्रावर सपाट करून घेतात. नवे गॅस्केट बसवून बोल्ट उत्पादकाने ठरवलेल्या क्रमाने, सामान्यतः मध्याकडून कडांकडे, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आवळतात. अतितप्त होण्याचे मूळ कारण दूर न केल्यास नवे गॅस्केटही निकामी होते.

कायदेशीर बाजू
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे.