हिंसापीडित रुग्ण व कुटुंबवैद्य

मारहाण, लैंगिक अत्याचार वा दीर्घकाळचा छळ यांमुळे रुग्णाच्या शरीरावर व मनावर झालेले आघात ओळखून त्यास उपचार, आधार व संरक्षण मिळवून देण्याचे कुटुंबवैद्याचे कार्य. हे कार्य वैद्यकाच्या कक्षेत उशिरा आले. तत्पूर्वी अशी प्रकरणे घरगुती बाब किंवा पोलिसांचे काम मानली जात.

भारतात या प्रश्नाची वैद्यकीय बाजू संमतिवयाच्या वादात ठळकपणे पुढे आली. कलकत्त्याच्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचा खटला १८९० मध्ये गाजला. त्या सुमारास स्त्री-डॉक्टरांनी बालवधूंना झालेल्या इजांची प्रकरणे सरकारपुढे मांडली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले. बालपणी लादलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाई याच सुमारास इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत होत्या. पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली.

अमेरिकेत १९६२ मध्ये हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. १९८० मध्ये तेथील मनोविकारांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव-विकृतीचा समावेश झाला. जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ मध्ये हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरविला. भारतात १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्ध दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र स्थापिले. हिंसापीडित स्त्रियांचे समुपदेशन रुग्णालयातच व्हावे, ही कल्पना तेथे रूढ झाली.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे, तसेच उसाच्या शेतीमुळे येथे स्थलांतरित कुटुंबे आली. माहेर दूर असलेल्या स्त्रीस गावातील डॉक्टर हाच पुष्कळदा पहिला विश्वासू परका माणूस असतो. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली राबविलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातीलच आरोग्यसेविकांचे महत्त्व दाखवून दिले. अशा सेविकेची घरोघरची ओळख येथेही उपयोगी पडते.

मात्र पती व पत्नी दोघेही एकाच डॉक्टरचे रुग्ण असल्याने गुप्ततेचा पेच उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वांना सरसकट न विचारता लक्षणे संशयास्पद वाटल्यास एकांतात विचारावे, दोष न देता ऐकावे, सुरक्षिततेचा अंदाज घ्यावा व पुढील मदतीशी जोडून द्यावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यास सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही. बलात्कार वा आम्लहल्ल्यातील पीडितांवर खाजगी रुग्णालयांनीही विनामूल्य उपचार करून पोलिसांस कळविणे २०१३ पासून बंधनकारक आहे. बालकांवरील लैंगिक अपराध कळविणे २०१२ च्या कायद्याने सर्वांवर बंधनकारक केले. इतर प्रौढ रुग्णांच्या बाबतीत त्यांची संमती महत्त्वाची ठरते. घाईने केलेल्या वाच्यतेने स्त्रीचा धोका वाढू शकतो. इजेची अचूक नोंद मात्र टाळू नये. ‘पडल्यामुळे जखम’ एवढेच लिहिल्यास पुढे न्यायालयात तिच्या बाजूने बोलणारा कागद उरत नाही.