ट्रॅक्टरच्या दांड्यावरची वीज

मंडळी, वीज गेली की आपण चिमणी नाही तर बॅटरी शोधतो. पण ज्याच्या गोठ्यात पन्नास गायी आहेत आणि धारा यंत्राने निघतात, त्याने काय शोधावे? उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर शोधला. त्याचीच ही हकीकत.

पूर्वी कापणीयंत्राचे पाते त्या यंत्राच्याच चाकावर चाले. चिखलात चाक घसरले, की पातेही थांबे. 1918 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला मागे एक फिरता दांडा दिला. इंजिनाची ताकद सरळ अवजाराला मिळू लागली. ज्याच्यावर आज आपल्याकडे रोटाव्हेटर फिरतो, तोच हा पी.टी.ओ. पुढे मिनिटाला 540 फेरे हे त्याचे माप रूढ झाले.

मग वीज आली. 1935 साली अमेरिकन सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, तेव्हा तिथे दहा शेतकऱ्यांत जेमतेम एकाच्या घरी वीज होती. सहकारी संस्थांना कमी व्याजाने कर्जे मिळाली आणि तारा वस्तीवस्तीला पोचल्या. पंप, धारयंत्र, दूध थंड ठेवण्याची टाकी, सगळे विजेवर आले. सोय झाली खरी, पण वीज गेली की हातपाय बांधल्यासारखे होई. म्हणून त्या दांड्याला जनित्र जोडण्याची रीत पडली. 1954 मध्ये तर त्याच कंपनीने ट्रॅक्टरवरच बसणारे जनित्र बाजारात आणले.

या युक्तीची खरी परीक्षा झाली 1998 च्या जानेवारीत. पूर्व कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात दिवसच्या दिवस गोठता पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड थर चढले. एकट्या क्वेबेक प्रांतात हजारो खांब मोडले आणि काही गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पण गाय काही वीज येईपर्यंत थांबत नाही. वेळेवर धार निघाली नाही, की कास दगडासारखी होते आणि दुखणे जडते. तेव्हा शेतकऱ्यांनी काय केलं? ज्याच्याकडे जनित्र होतं, त्यानं ते ट्रॅक्टरला जोडून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेलं. शेजारधर्मावर गुरं वाचली.

आता यातली जोखीम ऐका. शिक्षकबंधूंनी ती मुलांनाही सांगावी. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. 11,000 व्होल्टचा दाब उतरवून तो घरापुरता करतो. उलट घरातून जनित्राची वीज तारेत शिरली, तर तोच तिचा दाब पुन्हा हजारो व्होल्टवर नेतो. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन अशाने जागीच मरतो. म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. एका वेळी एकच वाट उघडी, बाहेरची किंवा जनित्राची. तो जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावा. फेरेही बरोबर ठेवावेत, नाहीतर मोटारी बिघडतात. ट्रॅक्टर उघड्यावर उभा करावा, कारण बंद जागेतला धूर जीव घेतो. आणि फिरत्या दांड्यावर झाकण असावे. पदर किंवा उपरण्याचे टोक गुंतायला क्षणही पुरतो.

मंडळी, आपल्या घरी दिवा लागावा हे खरेच. पण तो दिवा लावताना खांबावरच्या माणसाची आठवण ठेवावी. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते.