इशारा-घंटी, मोटारीतील

उघडे दार, न लावलेला सीटबेल्ट किंवा वाढलेला वेग चालकाला आवाजाने कळविणारी विद्युत यंत्रणा. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची सूचना आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० किमी.नंतर घंटी थांबून थांबून, १२० किमी.नंतर सलग वाजते (पहा : सीटबेल्ट).

बिघाड दोन तऱ्हांचे : घंटी अकारण वाजते किंवा मुकी होते. चंद्रपूर-गडचिरोलीत कारण बहुधा पाण्यात आणि उंदरांत शोधावे. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा रस्ता बुडतो. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीत आसनाखालच्या, वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. उंदीर वायरी कुरतडतात.

घंटी अकारण वाजत असेल आणि दार लावूनही छताचा दिवा जळत राहिला, तर दाराचा स्विच तपासावा. शेजारच्या आसनावर मोहफुलांची गोणी ठेवल्यास सेन्सर तिला प्रवासी समजतो आणि घंटी वाजते. हा बिघाड नव्हे.

घंटी मुकी असल्यास आधी फ्यूज, मग अर्थिंग पाहावे (पहा : फ्यूज). जळालेल्या फ्यूजजागी तेवढ्याच अँपिअरचा बसवावा.

कटकट नको म्हणून वायर तोडणे घातक आहे. आसनाखालचे पिवळे कपलर सहसा एअरबॅग यंत्रणेचे असतात. त्यांना मिस्त्रीखेरीज कोणी हात लावू नये.